पप्पांचं कोरं कार्ड

माझा स्वभाव संशयी आहे. हे सांगायला मला लाज वाटत नाही. आमच्या घरात भोळेपणाचा मक्ता आईनं घेतला होता, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी डोळे उघडे ठेवणं भागच होतं. भाजीवाला टोमॅटो तोलायचा तेव्हा मी त्याच्या अंगठ्याकडे बघायची. कुणी फार गोड बोललं की पर्स काखेत घट्ट दाबायची. पप्पा चिडवायचे, "हिला स्वर्गात नेलं तरी दारावरच्या माणसाला विचारंल, तुला इथं कोनी बसवला?"

ठाण्याहून आम्ही इस्रायलला आलो तेव्हा मी बावीस वर्षांची होते. किर्यात गातच्याही खाली, दक्षिणेला, नव्यानं वसवलेल्या एका गावात आम्हाला घर मिळालं. चार मजली इमारती, मध्ये वाळू, वाळूत लावलेली काठीएवढी झाडं, आणि गावाच्या टोकाला कापडाची फॅक्टरी. आमच्या इमारतीत चार घरं आपल्या लोकांची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची होती. बाकीची मोरोक्कोची, रुमानियाची, इराकची. कोण कुठून आलं हे जिन्यातल्या वासावरून कळायचं, आणि कुणाला काय मिळालं यावर सगळ्यांची नजर असायची. कुणाला मोठं घर मिळालं, कुणाच्या मुलाला बरी नोकरी लागली, की लगेच एक शब्द जिना चढून वर यायचा: प्रोटेक्सिया. म्हणजे आपला वशिला. हिब्रूतला हा शब्द आमच्या आईलाही पहिल्या महिन्यात पाठ झाला, आणि तिला तर 'दूध' म्हणायलाही सहा महिने लागले.

पप्पांना दमा होता. ठाण्याच्या गिरणीत कापसाचे तंतू वर्षानुवर्षं छातीत गेले, त्याचं ते बक्षीस. पण गिरणीत दमा असून चालत नसे. दर वर्षी कंपनीचा डॉक्टर छाती तपासायचा आणि 'अनफिट'चा शिक्का बसला की माणूस घरी. म्हणून गिरणीतल्या लोकांनी एक विद्या तयार केली होती. तपासणीच्या आदल्या दिवसापासून पोट रिकामं ठेवायचं, सकाळी मिरी-आल्याचा कडक काढा घ्यायचा, मागच्या अंगणात जाऊन खोकून खोकून छाती मोकळी करायची, आणि डॉक्टरनं नळी लावली की श्वास वरच्या वर, गळ्यापुरता घ्यायचा. पप्पा या विद्येत पटाईत होते. इस्रायलला यायच्या आधी मुंबईत आमची तपासणी झाली, तेव्हाही त्यांनी हेच केलं. छाती वाईट निघाली की अख्ख्या कुटुंबाचे कागद अडकतात, असं आमच्यात सगळे बोलत. पप्पा पास झाले. घरी आल्यावर तासभर खाटेवर बसून धापत होते आणि हसत होते.

इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात गावच्या दवाखान्यात नाव नोंदवायला गेलो. हिब्रू मी भराभर शिकत होते, म्हणून दुभाषी मीच. डॉक्टर रुमानियाचे, उंच, सिगारेटनं पिवळी बोटं झालेले. त्यांनी विचारलं, श्वास लागतो का? मी पप्पांकडे बघितलं. पप्पा मराठीत म्हणाले, "सांग, कदी म्हंजे कदीच नाय. फॅक्टरीत काम भेटायचंय अजून." मी सांगितलं, कधीच नाही, सगळं बेसेदर. बेसेदर म्हणजे ठीक. कारकुनानं तसं कार्डावर लिहिलं, आणि पप्पा फॅक्टरीत सूतकताईवर लागले.

वर्षभरानं तो कारकून बदलून गेला आणि त्याच्या जागी मला घेतलं. पहिली पक्की नोकरी. आपल्या घरांतलं कुणीही डॉक्टरकडे आलं की मी खुर्ची सोडून आत जायची आणि दुभाष्याचं काम करायची. पप्पांची विद्या एकट्या पप्पांची नव्हती. वरच्या मजल्यावरच्या मावशीला साखरेचा आजार होता, तिनं पाय सुजला असं कधी सांगितलं नाही, कारण आजारी म्हातारीला कामाला कोण ठेवणार? एका काकांच्या छातीत कळ यायची, त्यांनी मला दारातच बजावलं, "पाठ दुखते म्हून सांग." मी सांगायची. मग बाहेर येऊन माझ्याच हातानं कार्डावर लिहायची: सर्व ठीक. औषधं आमची आम्ही बघत होतो. पप्पांच्या गोळ्या ठाण्याहून आत्या पार्सलनं पाठवायची, लोणच्याच्या बरण्यांबरोबर. थंडीत आई त्यांच्या छातीला कापूर घातलेलं खोबरेल चोळायची आणि फडक्यात गुंडाळलेल्या गरम विटेनं शेकायची.

मग चौथ्या वर्षी तो हिवाळा आला. युरोपात फ्लूची मोठी साथ चालू आहे, जहाजांतून आणि विमानांतून ती इकडेच येते आहे, असं रेडिओ रोज सांगत होता. साधा फ्लू नाही, छातीत उतरतो, म्हातारी माणसं पटापट जातात. त्यावर इंजेक्शन निघालं होतं, पण देशातच थोडं आलं होतं. आमच्या दवाखान्याला तीस कुप्या मिळाल्या, माणशी एक. गाव काही हजारांचं.

कुप्या आल्या त्याच सकाळी डॉक्टरांनी स्वतःला, नर्सला आणि मला इंजेक्शन दिलं. खिडकीशी बसून दिवसभर लोकांचा खोकला तोंडावर घेणारी मी, म्हणून माझा नंबर पहिल्या तिघांत. मी बाही वर केली, सुई गेली, बाही खाली केली. पप्पांचा विचारही डोक्यात आला नाही. तो संध्याकाळी आला, घरी जिना चढताना, पप्पांची धाप खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आली तेव्हा. माझा पाय पायरीवरच थांबला. पण कुपी आता माझ्या दंडात होती, ती काही परत काढता येत नव्हती.

दोन दिवसांनी सत्तावीस नावांची यादी लागली. डॉक्टर आणि नर्सनं ती दार बंद करून बनवली होती, आणि बंद दार मला कधीच आवडलेलं नाही. मी ती सुवाच्य अक्षरात उतरवून फळ्यावर लावली. उतरवताना मी नावं दोनदा तपासली. सत्तावीस नावांत आपल्यातलं एकही नाव नव्हतं.

बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. जिन्यात चारही घरांतल्या बायका उभ्या. वरची मावशी म्हणाली, "एकबी नाय? इतक्यांत एकबी नाय?" दुसरी म्हणाली, "रुमानियाचे किती हायेत ते मोज आधी." मी मोजलेच होते. सहा होते. डॉक्टरही रुमानियाचे. आम्ही खरे यहुदी की नाही, यावर इथल्या धर्माधिकाऱ्यांनी आम्ही यायच्या आधी बरीच वर्षं खल केला होता. तो वाद मिटला असं कागदावर लिहून झालं होतं, पण आपल्या लोकांच्या मनात ते पोळलेलं तोंड तसंच होतं, आणि ताकही आम्ही फुंकून पीत होतो. मावशीनं माझ्या दंडाकडे बघितलं. "तुला मात्र भेटला ना," ती म्हणाली. वाईट हेतूनं नसेल म्हणाली, पण मला ते लागलं.

पप्पा खाली बाकावर बसले होते, तळमजल्यावरच्या सबांबरोबर. सबा म्हणजे आजोबा. हे मोरोक्कोचे, सत्तरीचे, आणि सगळी इमारत त्यांना याच नावानं हाक मारायची. पप्पा आणि ते रोज संध्याकाळी शेश-बेश खेळायचे, तो सोंगट्या-फाशांचा खेळ. एक मराठीत कुरकुरायचा, दुसरा अरबीत, आणि दोघांच्या मोडक्या हिब्रूत फक्त फाशांचे आकडे सारखे यायचे. दोघांच्याही छातीचा भाता सारखाच वाजायचा. सबांचं नाव यादीत होतं, सत्ताविसावं, अगदी शेवटचं. ते मला म्हणाले, "बिंती, तुझं अक्षर छान आहे. माझं नाव एवढं सुंदर कुणी लिहिलं नव्हतं." बिंती म्हणजे माझी पोर.

मी ठरवलं की ही भानगड उघडी पाडायची. दवाखाना दुपारी एक ते चार बंद असे. डॉक्टर घरी जाऊन झोपायचे, नर्स मुलांना आणायला जायची. किल्ली माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी मी आतून कडी लावली आणि सत्तावीस कार्डं काढून टेबलावर मांडली. मला एकच खोटं कार्ड हवं होतं. नगरपालिकेतल्या एका साहेबाची सासू यादीत नवव्या नंबरला होती, तिचं कार्ड मी सगळ्यात आधी उचललं, आणि उचलताना मला आनंद झाला होता हे कबूल करते. त्या कार्डाला मागे तीन कागद जोडलेले. दोनदा न्यूमोनिया, हृदय मोठं झालेलं, पायांवर सूज. सहाही रुमानियन कार्डं मी ओळ न ओळ वाचली. त्यातल्या एकातही मला खोट काढता येईना. सत्तावीसच्या सत्तावीस माणसं खरोखर आजारी होती, आणि त्यांनी ते वेळोवेळी डॉक्टरला सांगितलं होतं.

मग मी आपल्या लोकांची कार्डं काढली. काकांचं. मावशीचं. पप्पांचं. इतकी स्वच्छ कार्डं त्या कपाटात दुसरी नव्हती. सर्व ठीक, सर्व ठीक, सर्व ठीक. आमच्या चार घरांत कुणी आजारीच नव्हतं. पहिली ओळ जुन्या कारकुनाची होती, खालचं सगळं अक्षर माझं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा मी अख्खा गाव पालथा घातला होता, आणि पप्पांचं नाव ज्यानं यादीत येऊ दिलं नाही तो माणूस कपाटाची किल्ली घेऊन तिथंच बसला होता.

दारावर टकटक झाली. डॉक्टर चष्मा विसरले होते. कडी काढावी लागली. त्यांनी टेबलावरचा पसारा बघितला, पेशंटच्या स्टुलावर बसले आणि सिगारेट पेटवली.

"काय शोधतेस?"

"यादीत काही लबाडी आहे का ते."

"मग? आहे?"

"नाही."

"वाईट वाटलं?"

"हो," मी म्हटलं. आणि खरंच वाटलं होतं. लबाडी सापडली असती तर मला किती बरं झालं असतं.

मी पप्पांचं कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं, या माणसाला चौदा-पंधरा वर्षं दमा आहे. त्यांनी कार्ड वाचलं. मागची बाजू बघितली, ती कोरी होती.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"चार वर्षं तू मला सांगत आलीस की वडील धडधाकट आहेत. आता कुप्या आल्या आणि वडील आजारी पडले. मी कुठल्या दिवशीच्या तुझ्यावर विश्वास ठेवायचा?"

जन्मभर मी लोकांवर संशय घेतला होता. माझ्यावर समोरासमोर कुणी घेतला तो पहिल्यांदा, आणि तो इतका झोंबला की मला रडू आलं. रडण्यावरही त्यांचा विश्वास बसला नसावा. ते एवढंच म्हणाले, "उद्या घेऊन ये. माझ्या कानांनी ऐकतो."

पप्पांना मी सांगितलं की डॉक्टरांनी तपासायला बोलावलंय. का ते सांगितलं नाही. इंजेक्शनसाठी म्हटलं असतं तर ते आलेच नसते. दम्याचा द यांच्या कागदावर चढला की फॅक्टरी सुटली, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. सकाळी ते काही न खाता निघाले तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. दवाखान्याच्या मागे कण्हेरीच्या झुडपांआड जाऊन ते दहा मिनिटं खोकत राहिले. मग रुमालानं तोंड पुसत, भांग नीट करत, ताठ चालत आत आले.

डॉक्टरांनी पुढून ऐकलं, मागून ऐकलं, खोल श्वास घ्यायला सांगितलं. मी मराठीत सांगितलं, "पप्पा, खोल घ्या." पप्पांनी खांदे चांगले वर नेले, छाती मात्र जागची हलली नाही. अशी सफाई मी कधी बघितली नव्हती. डॉक्टरांनी नळी गळ्यात टाकली आणि माझ्याकडे बघितलं. "मला काही ऐकू येत नाही."

पप्पा शर्टाची बटणं लावू लागले. मला हळूच म्हणाले, "झाला ना? त्याला थँक यू बोल, आनि चल."

मी डॉक्टरांना हिब्रूत म्हटलं, "ते श्वास चोरतायत. गिरणीत शिकलेत. त्यांना जोरात फुंकायला लावा."

पप्पांचं हिब्रू बेताचं होतं, पण चोर हा शब्द त्यांना येत होता. बाजारात तो लवकर शिकायला मिळतो. त्यांची बोटं बटणावरच थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. राग नव्हता. मुलीनं भर बाजारात आपलं धोतर ओढावं तसे ते गोरेमोरे झाले होते.

डॉक्टरांनी काडी पेटवली, पप्पांच्या तोंडापासून वीतभर लांब धरली, आणि ओठ न जुळवता, तोंड उघडं ठेवून फुंकायला सांगितलं. आधी स्वतः करून दाखवलं. काडी पटकन विझली. पप्पांनी फुंकलं. काडी डॉक्टरांच्या बोटांपर्यंत जळत गेली. दुसरी काडीही तशीच. तिसरीला पप्पांनी सगळा जोर लावला आणि सगळी विद्या संपली. खोकल्याची उबळ आली, तोंड काळंनिळं पडलं, आणि छातीतली ती शिट्टी खोलीभर वाजू लागली. डॉक्टर त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग बसले आणि कार्डावर लिहू लागले, पुढून, मागून, बराच वेळ.

"फॅक्टरीत कळवनार काय हा?" पप्पांनी विचारलं.

मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, धुळीत काम देऊ नका असं लिहावंच लागेल.

"नाही कळवणार," मी पप्पांना सांगितलं. हे दुभाषीपण माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं.

पप्पा बाहेर जाऊन बसले. डॉक्टरांनी यादी पुढे ओढली. "तीस आहेत. एकतिसावी मी कुठून आणू?"

"माझी—"

"तुझी तुझ्या दंडात आहे."

त्यांनी शेवटच्या नावाचं कार्ड काढलं आणि पप्पांच्या कार्डाशेजारी ठेवलं. "छाती दोघांची सारखीच. हा सत्तरचा आहे, दिवसभर बाकावर बसतो. तुझा बाप छप्पन्नचा, कामाला जातो, घर त्याच्यावर आहे. वरून पत्र आलंय, दोघं सारखे असले तर कामावर जाणाऱ्याला आधी द्या." पेन्सिल हातात धरून त्यांनी मला विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

मला सांगायचं होतं. सबांची बायको जवळजवळ आंधळी आहे, हे मला माहीत होतं. तिचा हात धरून बाजारात नेणारे, तिला भाकरी कापून देणारे, औषधाचे थेंब मोजून डोळ्यांत घालणारे तेच होते. घर त्यांच्यावरही होतं. कार्डावर त्याला रकाना नव्हता, म्हणून डॉक्टरला ते दिसत नव्हतं. डॉक्टरला जे दिसत नाही ते सांगणं हेच तर चार वर्षं माझं काम होतं.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी रेघ मारली. मी नवी यादी लिहिली. त्या दिवशी माझं अक्षर मुळीच छान आलं नाही.

इंजेक्शनाच्या दिवशी सबा धुतलेला शर्ट घालून आले. बाही आधीच कोपराच्या वर दुमडलेली. मी खिडकीतून म्हटलं, "सबा, तुमचं नाव नाहीय."

"होतं ना. तूच लिहिलं होतंस."

"चूक झाली होती."

"कुणाची?"

"माझी," मी म्हटलं. त्यांना वाटलं मी लिहिण्यातली चूक म्हणते आहे. ते हसले, म्हणाले, होतं असं कधी कधी, आणि बाही खाली करत गेले. कफचं बटण एका हातानं लावायला त्यांना दारापर्यंत वेळ लागला.

पप्पांनी इंजेक्शन घेतलं, त्यांना वाटलं की एखादी कुपी उरली असेल. मी वाटू दिलं. त्यांना हिब्रू वाचता येत नव्हतं, यादी त्यांनी बघितलीच नाही. जिन्यात मात्र बघितली होती. वरची मावशी तोंड भरून हसली आणि म्हणाली, "मुलगी दवाखान्यात असली की बरं असतं, नाय?" काल ज्या शब्दानं आम्ही दुसऱ्यांना हाणत होतो तो आता आमच्या दाराशी येऊन बसला होता. आपला तो बाब्या. मावशीच्या साखरेबद्दल मी डॉक्टरांना बोलले नव्हते, काकांच्या कळा सांगितल्या नव्हत्या. मी माझं तेवढं केलं होतं, आणि मावशीनं ते बरोबर ओळखलं होतं. त्यानंतर जिन्यात दोघी बोलत असल्या की मला वाटे माझंच चाललंय. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगीच नाही.

तीनेक आठवड्यांनी साथ गावात आली. फॅक्टरीची अर्धी माणसं अंथरुणात. पप्पांना दोन दिवस ताप आला आणि उतरला. सबांना आला तो छातीत उतरला. बेअर शेवाच्या इस्पितळात नेताना गाडीच्या दारापर्यंत पप्पा त्यांच्याबरोबर गेले. पाचव्या दिवशी सबा वारले. इंजेक्शन मिळालं असतं तर जगले असते का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. इंजेक्शन घेतलेल्यांपैकीही दोघं त्या महिन्यात गेले. मी हे वाक्य स्वतःला कितीदा तरी ऐकवलं आहे. माझा त्याच्यावर कधी विश्वास बसलेला नाही.

सबांच्या घरचे सात दिवस सुतकात बसले. पप्पाही रोज जाऊन बसायचे. त्याच आठवड्यात फॅक्टरीनं त्यांना सूतकताईवरून काढून फाटकावर पहारेकरी केलं. पप्पांनी टोपी घातली आणि फाटकावर गेले. सुतक फिटल्यावर सबांच्या बायकोचा हात धरून ते तिला बाजारात नेऊ लागले.

एका शुक्रवारी दुपारी ते तिला घरी सोडून वर आले आणि माझ्यासमोर बसले. रागानं त्यांची मान ताठ झाली होती.

"ती बोलते, म्हाताऱ्याचं नाव यादीत होतं. पयल्यांदा होतं, मग काडला. कोनीतरी प्रोटेक्सिया लावला. तू तिथं बसतेस, तुला म्हायती असनार. नाव सांग मला. मी जाऊन इचारतो त्याला, तुला लाज कशी नाय वाटली."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला काही माहीत नव्हतं, पण माझा चेहरा बघून ती दारातच थांबली. मी इतके दिवस ज्याला ज्याला भेटले त्याच्या तोंडावर हा प्रश्न शोधत होते. तो पप्पांच्या तोंडून येईल असं वाटलं नव्हतं.

"तुम्ही," मी म्हटलं. "तुमच्यासाठी काढलं, पप्पा. डॉक्टरांनी मला विचारलं होतं. मी गप्प बसले."

त्यांना समजायला वेळ लागला. छाती वाजत होती, वर-खाली होत होती. ती आता ते लपवत नव्हते.

"मला इचारलं का नाय?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

"हो," पप्पा म्हणाले. "नकोच बोललो असतो."

ते मग उठले, खुंटीवरची टोपी काढली आणि मला म्हणाले, "चल खाली. माझ्या हिब्रूत तिला एवढं कळनार नाय. मी बोलतो, तू सांग. आनि मी बोलंन तेवडंच सांग."

मी चपला घातल्या.